काजळीसाठी नर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'वुल्वडेन' या लांडग्यांच्या पैदाशीच्या खेळात तुमच्याकडे काजळी नावाची गडद रंगाची मादी आहे. तिचं वय पाच वर्षं आणि मानेवर पांढरट पट्टा. गडद रंगाच्या नराशी जोडूनही तिची पिल्लं करडी निघाली आणि पट्टा एकातही नीट उतरला नाही. तिचा सख्खा भाऊ डोंगर याच्या मानेवर तोच पट्टा आहे, म्हणून तिला त्याच्याशी जोडावी का, असं तुम्ही विचारलं आहे. दुसरा पर्याय रुद्र. हा नावाजलेला नर आहे आणि त्याची फी भरायला तुमचं साठवलेलं सगळं चलन जाईल. तिसरा भुरा, जंगलात सापडलेला साधा करडा नर, ज्याला तुम्ही "त्याच्यात काहीच नाही" असं म्हटलं आहे. सोबत तुम्ही काजळी, डोंगर आणि रुद्र यांची वंशावळ दिली आहे. ती दिलीत हे फार बरं केलंत, कारण उत्तर तिच्यातच आहे.

मी पशुवैद्यक आहे. माझं रोजचं काम शेळ्या-मेंढ्या आणि गाई-म्हशींचं. हा खेळ पुतणीमुळे हाती आला आणि आता माझा स्वतःचा कळप आहे, त्याची वेगळी वही आहे. गोठ्यातली वही आणि ही वही एकाच पद्धतीने लिहिते. खेळातल्या लांडग्याला मी खोटा समजत नाही. त्याला आई-बाप आहेत, वय आहे, मरण आहे. त्याची पैदास करताना जे चुकतं तेच खऱ्या जनावरांतही चुकतं.

आधी रंगाचं सांगते, कारण गोंधळ तिथून सुरू झाला आहे. काळ्याला काळा जोडला की काळंच होणार, हा हिशोब खऱ्या लांडग्यातही बसत नाही. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांचा काळा रंग एका जनुकाच्या बदललेल्या प्रतीमुळे येतो. ही प्रत प्रभावी आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून मिळाली तरी पिल्लू काळं होतं. आता आई आणि बाप दोघेही काळे आहेत, पण दोघांकडेही एक प्रत काळी आणि एक करडी आहे असं धरा. दोघांनीही करडी प्रत पुढे दिली तर पिल्लू करडं. ही शक्यता चारात एक. उलट दोन करड्यांना काळं पिल्लू होत नाही, कारण द्यायला काळी प्रतच नसते. म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्यावरून आत दुसरी प्रत कोणती आहे ते कळत नाही. ते पिल्लांवरून कळतं, आणि नोंद ठेवली असेल तरच कळतं.

या काळ्या प्रतीची गोष्ट मला फार जवळची वाटते. 2009 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं की ती लांडग्यांत पाळीव कुत्र्यांकडून आली, कधीकाळी झालेल्या संकरातून. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून एकूण 31 लांडगे आणून सोडले. तिथे आज काळे आणि करडे जवळजवळ निम्मे निम्मे दिसतात. पुढच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट निघाली. काळी प्रत एकच असलेले लांडगे डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाच्या साथीतून जास्त तगतात, पण दोन्ही प्रती काळ्या असलेले फार तगत नाहीत. आणि जिथे ही साथ वारंवार येते तिथे लांडगे आपल्यापेक्षा वेगळ्या रंगाचा जोडीदार निवडताना दिसतात. काळी मादी करडा नर पसंत करते. भुऱ्याला नाकारण्याआधी हे डोक्यात असू द्या.

मात्र वुल्वडेनमध्ये रंग या एका जनुकावर चालत नाही. खेळाने स्वतःची मांडणी केली आहे. अंगाच्या मूळ रंगाला एक गट असतो, उबदार किंवा थंड असा. त्यात गडद, मध्यम, उजळ अशी छटा असते, आणि वर दुर्मिळतेचा टप्पा. पिल्लाचा रंग ठरताना आई-बापांच्या या तिन्ही गोष्टींची सरमिसळ होते आणि नशिबाचा वाटा मोठा राहतो. तुमचा नर दिसायला गडद होता, पण तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे तो वेगळ्या गटातला होता. त्यामुळे पिल्लं मधल्या रंगांकडे सरकली. यात काजळीचा काही दोष नाही. पुढच्या वेळी नराचं चित्र बघण्याआधी त्याच्या पानावरचा गट आणि छटा वाचा.

पट्ट्याची गोष्ट वेगळी. अंगावरच्या खुणा मूळ रंगापासून स्वतंत्रपणे उतरतात, आणि प्रत्येक खुणेला ठरलेली जागा आणि गडदपणाची टक्केवारी असते. खूण एकाच पालकात असेल तर ती उतरेल किंवा नाही. तीच खूण त्याच जागी दोघांत असेल तर आशा बरीच वाढते. तुम्ही डोंगरकडे वळलात ते याच तर्काने, आणि तर्क बरोबर आहे. फक्त तो पट्टा आणायला सख्खा भाऊच लागतो हे चूक आहे. हाच पट्टा याच जागी असलेला, पण काजळीशी काही नातं नसलेला नर शोधा. शोधायला दोन-तीन संध्याकाळी जातील, आणि त्या घालवण्यासारख्या आहेत.

आता नात्याचा हिशोब. सेवॉल राइट या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने 1922 मध्ये अंतःप्रजननाचा, म्हणजे नात्यातल्या जोडीचा, गुणांक मोजायची रीत दिली. ती ऐकून घाबरू नका, ती बोटांवर जमते. पिल्लाच्या आईकडून आणि बापाकडून वर चढत जा. दोन्हीकडे एकच पूर्वज भेटला की आईपासून त्याच्यापर्यंतच्या पायऱ्या आणि बापापासूनच्या पायऱ्या मोजा, बेरीज करा, त्यात एक मिळवा. जेवढा आकडा येईल तेवढ्या वेळा एकाचं निम्मं करा. असे समान पूर्वज जितके सापडतील तितक्यांचे आकडे एकत्र करा. पिल्लाला एकाच पूर्वजाच्या एकाच जनुकाची प्रत दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता म्हणजे हा गुणांक.

काजळी आणि डोंगर यांचे आई-बाप एकच. आई ही समान पूर्वज, इकडून एक पायरी, तिकडून एक पायरी, अधिक एक, म्हणजे तीन. एकाचं तीनदा निम्मं केलं की आठवा भाग, 12.5 टक्के. बापाचेही तेवढेच. एकूण 25 टक्के. बाप-मुलगी जोडीचाही आकडा हाच येतो. माझ्याकडे कोणी शेतकरी असा बेत घेऊन आला तर मी तिथल्या तिथे नको म्हणते. तुम्हालाही नकोच म्हणते.

रुद्रकडे बघा. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण खरा धोका इथे आहे आणि तो तुमच्या लक्षात आलेला नाही. तुम्ही पाठवलेल्या वंशावळीत काजळीच्या बापाचा बाप 'वादळ' आहे. रुद्रच्या आईचा बापही वादळच. आणखी वर जा. रुद्रच्या बापाचा आजा, म्हणजे त्याच्या बापाच्या बापाचा बाप, तोही वादळ. एकच नाव तीन ठिकाणी. आता मोजू. काजळीपासून वादळपर्यंत दोन पायऱ्या, रुद्रच्या आईकडून दोन, अधिक एक, म्हणजे पाच. एकाचं पाचदा निम्मं केलं की बत्तिसावा भाग, 3.125 टक्के. रुद्रच्या बापाकडून तीन पायऱ्या, काजळीच्या दोन, अधिक एक, म्हणजे सहा. चौसष्टावा भाग, साधारण 1.56 टक्के. दोन्ही मिळून 4.7 टक्क्यांच्या आसपास. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या जोडीचा आकडा 6.25 असतो, त्याच्या पाऊण. आणि हे ज्याला तुम्ही परका नर समजत होता त्याच्याशी.

एवढ्या आकड्याने काही कोसळत नाही, हेही खरं. पण हे असं कसं झालं ते समजून घ्या. वादळ देखणा होता, सगळ्यांनी त्याची फी भरली, सगळ्यांच्या कळपात त्याची पिल्लं आली. त्यातली देखणी निवडून पुन्हा त्यांच्यावर पैदास झाली. पाच-सहा पिढ्यांनी बाजारात नावाजलेला कोणताही नर घ्या, वर कुठेतरी वादळ बसलेला असतो. भावाशी जोडायचं पाप निदान डोळ्यांसमोर असतं. हे मात्र चांगल्या हेतूने, भरपूर चलन मोजून होतं.

आमच्याकडे बोकडाचं नेमकं हेच होतं. एकदा एका वस्तीवर शेळ्यांची पिल्लं अशक्त जन्मतात म्हणून मला बोलावलं होतं. उस्मानाबादी शेळ्या, सुंदर काळ्याभोर, खुराक उत्तम, गोठा कोरडा. जंताचं औषध वेळेवर दिलेलं. मी आजार शोधत होते आणि काही सापडत नव्हतं. मग बोकडाकडे लक्ष गेलं. लांब कानांचा, भरदार, चारचौघांत उठून दिसणारा. किती वर्षं आहे म्हणून विचारलं, तर चार. त्याच्या मुली पाटी, म्हणजे तरुण शेळ्या, होऊन माजावर आल्या त्याही त्याच्याकडेच गेल्या होत्या, आणि त्या मुलींच्या मुलीही आता लागवडीला आल्या होत्या. मालकाचं त्या बोकडावर मुलासारखं प्रेम. मी त्याला बोकड विकायला सांगितलं नाही. दोन गावं सोडून ज्याच्याकडे असाच चांगला बोकड आहे त्याच्याशी अदलाबदल करायला सांगितली. दर दोन वर्षांनी बोकड बदला, हा आमच्याकडचा साधा सल्ला आहे. कारणही साधं आहे, तेवढ्यात त्याच्या मुली लागवडीला येतात.

खऱ्या लांडग्यांत हे कुठवर जातं त्याचा सर्वात नीट नोंदलेला दाखला अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटाचा आहे. 1940 च्या दशकाच्या शेवटी लांडगे गोठलेल्या सरोवरावरून चालत बेटावर आले. 1958 पासून तिथे लांडगे आणि मूस (मोठ्या चणीचं हरीण) यांचा अभ्यास अखंड चालू आहे. 1980 मध्ये 50 लांडगे होते. मग पार्व्हो विषाणू शिरला आणि 1982 मध्ये 14 उरले. रोग ओसरल्यावरही कळप पूर्वीसारखा वाढेना. 1997 मध्ये बर्फावरून एक परका नर आला. दांडगा, वयाबरोबर फिकट पडत गेलेला. संशोधक पुढे त्याला 'म्हातारा करडा' अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले. त्याच्या पिल्लांनी कळपात जीव आला, सगळ्यांना हायसं वाटलं. पण तो इतका यशस्वी ठरला की काही पिढ्यांतच बेटावरचा जवळजवळ प्रत्येक लांडगा त्याचा वंशज झाला, आणि मग नातं नसलेला जोडीदार मिळणंच बंद झालं. मणक्यांची वेडीवाकडी हाडं तिथल्या सांगाड्यांत वारंवार सापडली. 2016 पर्यंत दोनच लांडगे उरले, एक नर आणि एक मादी. ते बाप-लेक होते, शिवाय एकाच आईची मुलंही होते. शेवटी 2018 आणि 2019 मध्ये बाहेरून 19 लांडगे आणून सोडावे लागले.

त्या म्हाताऱ्या करड्याने काही चुकीचं केलं नव्हतं. त्याच्यानंतर दुसरा कोणी परका आलाच नाही, एवढंच झालं. काजळीच्या कळपातला वादळ तोच आहे.

मग नर कसा निवडायचा? याचं उत्तर मेक्सिकन लांडग्यांच्या पैदाशीने दिलं आहे, आणि मी माझ्या कळपात तेच वापरते. हा लांडगा जंगलातून नाहीसा झाला तेव्हा पिंजऱ्यातल्या अवघ्या सात लांडग्यांपासून सगळी पैदास उभी करावी लागली. तीन वेगवेगळ्या घराण्यांचे ते सात. आज जिवंत असलेला प्रत्येक मेक्सिकन लांडगा त्या सातांचाच. प्राणिसंग्रहालयांनी एक नोंदवही ठेवली. तिच्यात प्रत्येक जनावराचं उरलेल्या सगळ्यांशी सरासरी किती नातं आहे ते काढतात. ज्याचं सरासरी नातं सर्वात कमी, त्याला आधी पिल्लं होऊ द्यायची. सुंदर कोण, दांडगा कोण, हे नंतर. ज्याचे नातेवाईक कमी आहेत त्याच्याजवळ असं काही असतं जे दुसऱ्या कोणाजवळ नाही, आणि तो पिल्लांविना मेला तर ते कायमचं जातं. 1998 मध्ये हे लांडगे ॲरिझोनात जंगलात सोडायला सुरुवात झाली. पिंजऱ्यात जन्मलेली काही दिवसांची पिल्लं आता जंगलातल्या मादीच्या गुहेत तिच्या पिल्लांबरोबर ठेवतात आणि ती मादी त्यांना वाढवते. नवं रक्त पोचवायची याहून हळुवार रीत मी तरी पाहिलेली नाही.

या वहीने बघितलं तर तुमच्या तिघांत भुरा सर्वात मोलाचा. त्याला आई-बापांची नोंदच नाही. तो कोणाचाच नातेवाईक नाही. काजळीशी त्याचा गुणांक शून्य. "त्याच्यात काहीच नाही" असं जे तुम्ही लिहिलं, ते त्याच्यात वादळ नाही असं वाचा.

एक खरी अडचण मात्र राहते. भुऱ्याची पिल्लं दिसायला साधी निघतील आणि पट्टा बहुतेक एखाद्याच पिल्लात येईल. तो पुढच्या पिढीत परत आणायचा. काजळी आणि भुरा यांच्या पिल्लांतलं पट्टा असलेलं एक राखा. डोंगरला मोकळा ठेवू नका, त्यालाही बाहेरची, वंशावळ कोरी असलेली मादी द्या आणि त्या पिल्लांतलंही पट्ट्याचं एक राखा. ही दोन पिल्लं एकमेकांची मामे-आते भावंडं होतील. त्यांची जोडी लावली तर पट्टा दोन्हीकडून येईल आणि आकडा 6.25 च्या आसपास राहील. भावा-बहिणीच्या 25 च्या तो चौथा हिस्सा. मला विचाराल तर तीही जोडी शेवटचा उपाय म्हणून ठेवा. त्याआधी वर म्हटलेला परका पट्टेवाला नर मिळाला तर काजळीच्या लेकीला तोच द्या. रुद्रच्या फीच्या चलनात असे दोन साधे नर सहज येतील.

चित्रात न दिसणारी आणखी एक बाजू आहे. शक्ती, वेग, चपळाई, हुशारी आणि शहाणपण हे पाच गुण पिल्लांना आई-बापांच्या पातळीवरून मिळतात. तुमच्या कळपात शिकारीला कोण जातं ते बघा. दबा धरणारा, पाठलाग करणारा, बाजूने घेरणारा आणि शेवटचा घाव घालणारा अशा भूमिका भरायला गुण लागतात, पट्टा लागत नाही. भुऱ्याच्या पानावर वेग चांगला आहे, हे तुम्हीच दिलेल्या माहितीत आहे. पिल्लांच्या राखणीला मात्र आधीच भरवशाचा लांडगा नेमा. राखण कमी पडून गेलेली पिल्लं मला गुणांकापेक्षा जास्त लागतात.

आता काजळीच्या वयाचं. या खेळात लांडगा आठ वर्षांचा झाला की जातो. यलोस्टोनमधल्या खऱ्या लांडग्यांना सरासरी चार-पाच वर्षंच मिळतात, त्यामानाने खेळ उदार आहे. पण मादीची पिल्लं देण्याची वर्षं त्याहून आधी संपतात आणि पाच म्हणजे तिच्यासाठी उतरत्या बाजूला आलंच. तुम्ही लिहिलं आहे की ती गेल्यावर खेळ सोडावासा वाटेल. मला ते समजतं. माझ्या पहिल्या मादीचं पान मी अजून उघडून बघते. तिच्यानंतर तिची नात शिकारीला जायला लागली, आणि तिच्या कानावरचा ठिपका नेमका त्याच जागी होता. कोणाला दिसला नसेल, मला दिसला.

थोडं आपल्याकडचं, कारण तुम्ही विचारलं आहे की महाराष्ट्रातल्या लांडग्यांनाही हे सगळं लागू पडतं का. आपल्या माळरानावरचा लांडगा लहान चणीचा, मातकट-करडा, उघड्या गवताळ रानात राहणारा. वुल्वडेनमधले लांडगे उत्तर अमेरिकेतले आहेत, तिथली जंगलं आणि टुंड्रा डोळ्यांसमोर ठेवून खेळ केला आहे. त्यामुळे रंगांचे हिशोब इकडे आणू नका. नात्याचे मात्र तेच. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि भटका कुत्रा यांच्यातला संकर जनुकीय चाचणीने सिद्ध झाला आहे. अमेरिकेत अशाच एका जुन्या संकरातून काळा रंग मिळाला हे वर सांगितलं, पण त्यावरून इथेही चांगलंच होईल असं समजू नका. आपल्याकडे लांडगे थोडे आणि भटकी कुत्री बेसुमार आहेत. तिथे नवं रक्त येत नाही, लांडगाच हळूहळू पुसला जातो. धनगरांच्या वाड्यावर लसीकरणाला जाते तेव्हा त्यांच्या बोलण्यात हे येतं. कानांची ठेवण वेगळी दिसते, शेपूट वर वळलेली दिसते, आणि म्हातारी माणसं म्हणतात की हा आपला नव्हे.

आता कामाचं. काजळी पुढच्या वेळी माजावर आली की रुद्रची फी भरू नका, भुऱ्याशी जोडा. त्याआधी तिच्या पानावरची आई-बापांची नावं वर चढत चार पिढ्यांपर्यंत वहीत उतरवून काढा, कारण तुम्ही पाठवलेल्या यादीत तिच्या आईची बाजू दोनच पिढ्यांची आहे. वादळ तिकडेही निघाला तर हिशोब बदलेल. भुऱ्याशी तरीही शून्यच राहील, पण डोंगरला मादी शोधताना आणि पुढे लेकीला नर देताना ते लागेल. पिल्लं झाली की प्रत्येकाचा रंगगट, छटा, पट्टा आहे की नाही आणि असल्यास किती टक्के गडद, एवढं लिहून पाठवा. त्यातलं कोणतं राखायचं ते मग ठरवू.